जमिनीखालच्या गणिताचा ताळा

शहराखालून वाहणारे सांडपाणी वाहिन्यांत मावेनासे झाले की ते कुठून तरी बाहेर येतेच. लंडनमध्ये ते दीडशे वर्षे थेम्स नदीत पडत आले. मुंबईत ते मिठीत आणि माहीमच्या खाडीत उतरते, पुण्यात मुळा-मुठेत. कधी ते नदीपर्यंतही जात नाही. उताराच्या टोकाला असलेल्या वस्तीत, तळमजल्यावरच्या न्हाणीच्या जाळीतून ते उलटे वर येते आणि त्या घरातली माणसे पाऊस थांबल्यावरही लादी घासत बसतात. हे पाणी कोणत्या पावसात, कोणत्या जागी, किती आणि किती वेळ बाहेर पडेल हे आधी कळावे म्हणून अभियंते मलवाहिन्यांच्या जाळ्याचे गणिती मॉडेल संगणकात उभे करतात. त्या मॉडेलच्या भरवशावर पुढे बोगदे खोदले जातात, पंप बसतात, शेकडो कोटींच्या निविदा निघतात.

मॉडेल उभे करणे आता तितके अवघड राहिलेले नाही. नकाशे असतील, चेंबरच्या पातळ्या असतील, तर एखादी हुशार विद्यार्थिनी विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीवर छोट्या गावाचे जाळे काही आठवड्यांत मांडू शकते. पडद्यावर निळ्या रेषा हलू लागतात, चेंबर भरताना दिसतात, तक्ते तयार होतात. पण त्या रेषांतले पाणी आणि रस्त्याखालचे पाणी एकच आहे का, हा प्रश्न तिथे सुटलेला नसतो. संगणकाने सांगितलेला प्रवाह आणि वाहिनीत प्रत्यक्ष मोजलेला प्रवाह समोरासमोर ठेवायचे, फरक कुठे आहे ते पाहायचे, त्या फरकाचे कारण जमिनीवर जाऊन शोधायचे आणि मगच मॉडेलमधला आकडा बदलायचा, या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. हे पुस्तक त्या कामाविषयी आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात याला सगळ्यांत कमी पैसा मिळतो आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री यालाच लागते. तरीही पुढचा प्रत्येक निर्णय याच्यावर उभा असतो, म्हणून प्रस्तावना जरा लांबवण्याची मोकळीक घेतो.

सुरुवात लंडनपासून करणे भाग आहे, कारण हा प्रश्न आजच्या रूपात तिथेच आकाराला आला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज चालवणे मुश्कील झाले आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेला पैसा मिळाला. नदीच्या दोन्ही काठांना समांतर मोठ्या विटांच्या वाहिन्या बांधून त्यांनी शहराचे सांडपाणी पूर्वेकडे नेले. त्या वाहिन्या एकत्र पद्धतीच्या होत्या. घरातले सांडपाणी आणि रस्त्यावरचे पावसाचे पाणी एकाच नळातून जाई. मोठ्या पावसाचे सगळे पाणी पोटात घेईल एवढी वाहिनी बांधणे तेव्हाही परवडणारे नव्हते आणि आजही नाही. म्हणून ठरावीक उंचीवर सांडवे ठेवले. पाणी त्या उंचीच्या वर गेले की नदीत सुटेल आणि लोकांच्या घरात शिरणार नाही. त्या काळाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय होता. शहर वाढले, मोकळ्या मातीवर डांबर आणि फरशी आली, आणि कधीमधी वाहायचे ते सांडवे थोड्या सरीतही वाहू लागले. काही सांडवे वर्षाला पन्नासहून अधिक वेळा वाहत. सर्वसाधारण पावसाच्या वर्षात सुमारे ३ कोटी ९० लाख टन मैलामिश्रित पाणी थेम्समध्ये जाते, असा अंदाज नव्या बोगद्याच्या आखणीच्या वेळी मांडला गेला. तो थेम्स टाइडवे बोगदा २५ किलोमीटर लांब आणि सात मीटरहून अधिक व्यासाचा आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या सगळ्या जोडण्या पूर्ण झाल्या.

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. शहरातल्या पन्नासहून अधिक सांडव्यांपैकी नेमके कोणते बोगद्याला जोडायचे आणि कोणत्यांची सोय आहे त्या जाळ्यातच होईल, हे कोणी नदीकाठी उभे राहून ठरवलेले नाही. मोजलेल्या प्रवाहांशी जुळवून घेतलेल्या मॉडेलने त्याची दिशा दाखवली. बोगद्याचा खर्च ४०० कोटी पौंडांच्या वर गेला. मॉडेल दहा टक्क्यांनी चुकले असते तर तेवढा जाड किंवा तेवढा अपुरा बोगदा पुढच्या शंभर वर्षांसाठी जमिनीत राहिला असता.

अमेरिकेत जवळपास सातशे गावा-शहरांत अशा एकत्र वाहिन्या आहेत. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९४ साली त्यांच्यासाठी धोरण ठरवले. त्यातला एक पर्याय सांडवे वर्षाला सरासरी चारपेक्षा जास्त वेळा वाहू नयेत असा आहे, दुसरा पावसाळी प्रवाहातले किमान ८५ टक्के पाणी अडवून शुद्ध करावे असा. यातला कोणताही आकडा सिद्ध करायचा तर आधी मॉडेल विश्वासार्ह हवे. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या मध्यम आकाराच्या शहराने २००८ पासून आपल्या वाहिन्यांत शंभराहून अधिक सेन्सर बसवले. पावसात एका बाजूची वाहिनी ओसंडत असताना दुसऱ्या बाजूची मोठी वाहिनी अर्धी रिकामी राहते, हे त्या मोजणीतून दिसले. मग मोजणीच्या आधारे चालणारी दारे बसवून पाणी रिकाम्या जागेत वळवले. सेंट जोसेफ नदीत सुटणारे मैलापाणी काही वर्षांत ७० टक्क्यांहून अधिक घटले. साउथ बेंडचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ते आपल्या मध्यम शहरांना झेपेल असे आहे. तिथे नवा बोगदा खोदण्याआधी जुन्या जाळ्यातली जागा शोधली गेली आणि ती जागा मोजल्याशिवाय दिसली नसती.

आता मॉडेलच्या आत काय असते ते पाहू. नळातून आणि उघड्या पन्हाळीतून बदलत्या वेगाने वाहणाऱ्या पाण्याची समीकरणे सेंट-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने १८७१ साली मांडली. पाण्याचे वस्तुमान टिकते आणि संवेगाचा हिशोब लागतो, ही दोन तत्त्वे त्यांच्या मुळाशी आहेत. भिंतीच्या घर्षणासाठी रॉबर्ट मॅनिंग या आयर्लंडमधल्या अभियंत्याचे १८८९ चे सूत्र आजही सर्वत्र चालते. ही समीकरणे हाताने सोडवणे जवळजवळ अशक्य. १९७१ मध्ये अमेरिकेत स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल आले, १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये वॉलिंगफर्ड पद्धत आली, आणि तिथून पुढे हे काम यंत्राकडे गेले. समीकरणांवर शंका घेण्याचे कारण आज उरलेले नाही. शंका घ्यायची ती त्यांना पुरवलेल्या आकड्यांवर. कोणत्या छपराचे पाणी कोणत्या चेंबरमध्ये जाते, नळाच्या तळाशी गाळ किती आहे, भूजल सांध्यांतून किती झिरपते, पंप कोणत्या पातळीला सुरू होतो, सांडव्याची कड नकाशावर आहे तेवढ्याच उंचीवर आहे का? ही माहिती समीकरणे देत नाहीत.

सांडव्याचे गणित विशेष नाजूक असते आणि ते का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा एका चेंबरमध्ये पावसाच्या वेळी सेकंदाला १००० लिटर पाणी येते आणि पुढची वाहिनी ९०० लिटर नेते. सांडव्यावरून १०० लिटर जाणार. मॉडेलने येणारे पाणी केवळ दहा टक्के कमी धरले, तर सांडव्यावरून काहीच जाणार नाही. दहा टक्के जास्त धरले तर २०० लिटर जाईल. म्हणजे प्रवाहातली दहा टक्क्यांची चूक सांडव्यापाशी शंभर टक्क्यांची होते. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी अशीच फसवी असते. त्यात भर म्हणजे सांडव्यावरचे पाणी कडेवरच्या उंचीच्या दीड घाताने वाढते. तीन मीटर लांबीच्या कडेवर १० सेंटिमीटर पाणी चढले तर सेकंदाला साधारण १६० लिटर जातात, १५ सेंटिमीटर चढले तर जवळपास २९५. पातळी मोजताना पाच सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले की उत्तर दुपटीजवळ जाते. मुख्य वाहिनीतला प्रवाह सुंदर जुळवणारे मॉडेल सांडव्याबाबत पूर्ण दिशाभूल करू शकते ते यामुळे. सांडव्यांसाठी केलेले कॅलिब्रेशन सांडव्यांपाशीच तपासले पाहिजे.

इंग्लंडमध्ये २०२३ अखेर सगळ्या सांडव्यांवर मोजणी उपकरणे बसली आणि त्या एका वर्षात सांडवे मिळून सुमारे ३६ लाख तास वाहिले, हे लोकांसमोर आले. त्या आकड्याने तिथे मोठा क्षोभ झाला आणि तो रास्त होता. ती उपकरणे सांडवा केव्हा वाहू लागला आणि केव्हा थांबला एवढेच नोंदवतात, किती पाणी गेले ते सांगत नाहीत. तरीही मॉडेल करणाऱ्याला ही नोंद अमोल आहे. मॉडेल म्हणते सांडवा पहाटे चारला सुटला आणि उपकरण म्हणते अडीचला, तर त्या दीड तासात कुठेतरी आपले अज्ञान दडलेले आहे, आणि ते शोधायला कुठून सुरुवात करायची तेही कळते.

मोजणी कशी करतात, यावर पुस्तकात बरेच आहे. इथे मुख्य गोष्टी सांगतो. निवडक मॅनहोलमध्ये काही आठवड्यांसाठी फ्लोमीटर बसवतात. दाबावरून खोली आणि ध्वनिलहरींवरून वेग मिळतो, दर दोन मिनिटांनी नोंद होते. त्याच काळात इमारतींच्या गच्च्यांवर पर्जन्यमापके ठेवतात, आणि त्यांची संख्या पुरेशी हवी, कारण आपल्या शहरांत एका उपनगरात कोसळणारा पाऊस शेजारच्या उपनगरात पोहोचतही नाही. वेग आणि खोली एकमेकांसमोर मांडली की ठिपक्यांचा आलेख तयार होतो. मला विचाराल तर या सगळ्या कामातले सर्वांत बोलके चित्र तेच. ठिपके एका वक्रावर बसले तर वाहिनी मोकळी आहे. खोली वाढत असताना वेग घटत असेल तर पुढे काहीतरी अडले आहे आणि पाणी मागे फुगते आहे. वेग शून्य असतानाही खोली दिसत असेल तर तळाशी पाणी साचून राहते, म्हणजे पुढे गाळाचा उंचवटा असावा किंवा नळ खचला असावा. फ्लोमीटर स्वतःही बिघडतो. त्यावर चिंधी अडकते, प्लास्टिक गुंडाळते. म्हणून वरच्या दोन मीटरांची बेरीज खालच्या मीटरशी जुळते का हे आधी पाहावे. मोजणीच चुकली असेल तर तिच्याशी मॉडेल जुळवणे म्हणजे चूक पक्की करणे.

मग कोरड्या दिवसांपासून सुरुवात करायची. पाऊस नसताना येणारे पाणी जुळल्याशिवाय पावसाकडे वळू नये. रात्री दोन ते पाचच्या दरम्यान घरे झोपलेली असतात. तेव्हाही जे पाणी वाहते त्यात झिरपलेल्या भूजलाचा आणि गळक्या नळांचा वाटा मोठा असतो. त्यानंतर पावसाचे चटकन येणारे पाणी पाहायचे, ते छपरे आणि रस्त्यांचे. मग पाऊस थांबल्यावरही तास-दोन तास किंवा दिवस-दोन दिवस रेंगाळणारे पाणी, ते मुरून येणारे. आधी एकूण घनफळ जुळवायचे, मग शिखर, मग वेळ. ब्रिटनमधल्या वेस्टवॉटर प्लॅनिंग यूजर्स ग्रुपने २००२ च्या आपल्या नियमावलीत पावसाळी प्रवाहाच्या शिखरासाठी अधिक २५ ते उणे १५ टक्के आणि घनफळासाठी अधिक २० ते उणे १० टक्के अशी मर्यादा सुचवली. मॉडेलने थोडे जास्त सांगितले तर चालेल, कमी सांगितले तर धोका, हे त्या दोन्ही बाजूंच्या असमान आकड्यांतून कळते. शेवटी, जुळवताना न वापरलेल्या एखाद्या पावसावर मॉडेल चालवून ताळा घ्यायचा. ज्या पावसावर मॉडेल शिकले त्याच पावसावर त्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. समजा एका मॅनहोलमध्ये मोजलेली खोली ८० सेंटिमीटर आहे आणि मॉडेल ६० सांगते. ही वीस सेंटिमीटरची तफावत चार-पाच प्रकारे भरून काढता येते. मॅनिंगच्या सूत्रातला नळाचा खडबडीतपणा ०.०१३ वरून ०.०१५ केला की वाहिनीची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी घटते आणि खोली वाढते. तळाशी गाळाचा थर दाखवला तरी खोली वाढते. वरच्या भागात पाणी मुरू न देणारे पक्के क्षेत्र जास्त धरले तर पाणीच जास्त येते. पुढच्या पंपिंग स्टेशनचा एक पंप बंद दाखवला तर पाणी मागे फुगते. प्रत्येक वेळी पडद्यावरची रेषा मोजलेल्या रेषेवर अलगद बसते आणि प्रत्येक वेळी उपाय वेगळा निघतो. गाळ असेल तर सक्शन-जेटिंगची गाडी पाठवली की काम होते. पंप बंद असेल तर तो दुरुस्त करायचा. पक्के क्षेत्र वाढले असेल तर छपरांचे पाणी वाहिनीतून सोडवून जमिनीत मुरवायचे. खडबडीतपणाच खरा असेल, म्हणजे नळ जुना होऊन झिजला असेल, तर आतून अस्तर करायचे किंवा नळ बदलायचा. एकाच आलेखामागे काही हजार रुपयांचा उपाय असू शकतो, तसाच काही कोटींचाही. लँकेस्टर विद्यापीठातले जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी अनेक वेगळ्या वाटांनी एकाच उत्तराला पोहोचण्याचा हा धोका जलविज्ञानात ठामपणे मांडला आणि १९९२ मध्ये अँड्र्यू बिन्ली यांच्यासह त्यावर एक पद्धतही सुचवली. मॉडेलमधल्या आकड्यांचा एकच संच बरोबर मानण्याऐवजी, मोजणीशी सुसंगत असलेले अनेक संच जवळ बाळगावेत आणि त्यांतून निघणाऱ्या उत्तरांचा पल्ला निर्णय घेणाऱ्यांना सांगावा, असा तिचा आशय आहे.

माझे स्वतःचे मत याहून थोडे कडक आहे. ज्या बदलाचे कारण रस्त्यावर जाऊन दाखवता येत नाही, तो बदल मॉडेलमध्ये करू नये. खडबडीतपणा वाढवायचा तर वाहिनीत कॅमेरा पाठवून भिंत पाहावी. गाळ दाखवायचा तर गाळाची खोली मोजावी. पक्के क्षेत्र वाढवायचे तर गल्ली फिरून, छपराचे पाइप कुठे उतरतात ते बघून यावे, गरज पडल्यास रंगीत पाणी सोडून किंवा धुराची चाचणी घेऊन खात्री करावी. हे न करता आकडे ओढून-ताणून जुळवलेले मॉडेल जमाखर्च जुळावा म्हणून वहीत घातलेल्या खोट्या नोंदीसारखे आहे. त्या पावसापुरते ते बरोबर दिसते आणि पुढच्या मोठ्या पावसात, जिथे लोकांची घरे बुडायला आलेली असतात तिथे, ते कोसळते. ओढून जुळवलेल्या मॉडेलपेक्षा न जुळलेले मॉडेल मला अधिक प्रामाणिक वाटते. कुठे माहिती कमी आहे एवढे तरी ते उघड सांगते.

युरोप-अमेरिकेतले संदर्भग्रंथ वाचून आपल्याकडे काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांना काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात, कारण त्या ग्रंथांत त्या सापडणार नाहीत. पाठ्यपुस्तकातला रोजचा प्रवाह सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा चढतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावा-शहरांत नळाला पाणी चोवीस तास येत नाही. कुठे पहाटे दोन तास, कुठे दिवसाआड. पाणी आले की घराघरांत भांडी, धुणी, आंघोळी एकदमच होतात, आणि मलवाहिनीचा प्रवाह पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चढतो-उतरतो. एका प्रभागाला सोमवारी आणि दुसऱ्याला मंगळवारी पाणी येत असेल तर मलवाहिनीचा सोमवार आणि मंगळवार वेगळा. ते वेळापत्रक पाणीपुरवठा विभागाच्या व्हॉल्व्हमनकडे असते आणि मॉडेल करणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्याला भेटावे. केंद्रीय नियमावलीप्रमाणे पुरवलेल्या पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी धरायची पद्धत आहे. पण सोसायट्यांत बोअरवेल असतात, टँकर येतात. ते पाणी महापालिकेच्या नोंदीत नसते, वाहिनीत मात्र येते. त्याच २०१३ च्या नियमावलीत साडेसात लाखांहून मोठ्या लोकसंख्येसाठी शिखर प्रवाह सरासरीच्या दुप्पट आणि वीस हजारांपर्यंत तिप्पट धरायला सांगितले आहे. आखणीसाठी ते आकडे ठीक. कॅलिब्रेशनमध्ये मात्र मोजलेलाच आकडा चालतो.

आपल्या बहुतेक शहरांत सांडपाणी आणि पावसाचे पाणी कागदावर वेगळ्या वाहिन्यांतून जाते. प्रत्यक्षात गच्चीचा पन्हाळ सर्रास मलवाहिनीच्या चेंबरमध्ये उतरवलेला असतो. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले की कोणीतरी पहारीने मॅनहोलचे झाकण उचलते, आणि पावसाचे सगळे पाणी केवळ मैल्यासाठी बांधलेल्या नळात धावते. दुसरीकडे ज्या वस्त्यांत मलवाहिनी पोहोचलेलीच नाही, तिथला मैला पावसाच्या नाल्यात जातो. म्हणून मुंबईतल्या मलवाहिन्यांचे मॉडेल पर्जन्यजल वाहिन्यांपासून तोडून चालत नाही. त्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, तेही ओहोटी धरून, बांधल्या होत्या. मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता दुप्पट करायला सांगितले आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांच्या तोंडावर चढतो आणि पाणी आत कोंडते. भरतीचे वेळापत्रक मॉडेलमध्ये न घालता मुंबईतला कोणताही ओसंडा समजून घेता येणार नाही. कोल्हापूर-सांगलीत तेच काम पंचगंगा-कृष्णेची पूरपातळी करते. नदी चढली की सांडवा उलटा वाहू लागतो आणि नदीच वाहिनीत शिरते.

परदेशी नियमावल्यांत कॅलिब्रेशनसाठी किमान तीन पाऊस सुचवले जातात आणि ते तसे लहानच असतात. आपल्याकडे जूनचा पहिला पाऊस आणि ऑगस्टचा पाऊस एकमेकांशी तुलना करण्याजोगे नसतात. जूनमध्ये जमीन तहानलेली असते, वाहिन्यांत उन्हाळ्याचा गाळ असतो, मोसमाचा पहिला लोंढा तो गाळ ढकलतो. ऑगस्टमध्ये जमीन भरलेली असते, भूजल नळाच्या वर आलेले असते, आणि पाऊस नसलेल्या दिवशीही वाहिनी अर्धी भरून वाहते. दोन्ही काळांत मोजणी हवी. एका मोसमातून दुसऱ्या मोसमात मॉडेल नेताना झिरपण्याचे आकडे बदलावेच लागतात, आणि तो बदल भूजलाच्या पातळीने दाखवता येतो.

एका गोष्टीबद्दल मला फार आच आहे. वाहिनीत काय चालले आहे हे सगळ्यांत आधी तिथे काम करणाऱ्या माणसाला कळते. कोणते चेंबर पावसात बॅक मारते, कुठल्या वळणावर दर दिवाळीनंतर गाळ बसतो, कोणत्या हॉटेलच्या मागे तेलाचा थर साचतो, हे त्याला पाठ असते. त्याच्याकडून घेतलेला एक तास अनेक फ्लोमीटरांइतका मोलाचा आहे, आणि त्याचे नाव अहवालात कधीच येत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर आणि संरक्षणाशिवाय माणसाला मलवाहिनीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वाहिनीत मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. तरीही माणसे उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. फ्लोमीटर बसवण्यासाठी कोणालाही खाली उतरवू नये. वरून लोंबते पातळीमापक, रस्त्यावरून हाताळता येणारे सेन्सर आणि कॅमेरे आज मिळतात. अचूकता थोडी कमी मिळाली तर ती स्वीकारावी. नीट जुळवलेले मॉडेल पावसाळ्याआधी कोणत्या टप्प्यात गाळ जमला आहे हे सांगू शकते. तिथे वेळेवर यंत्र गेले तर ऐन पावसात, घाईघाईने, एखाद्या माणसाला झाकण उघडून आत जायला सांगण्याची वेळच येत नाही. या कामाचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

मॉडेल विश्वासार्ह झाल्यावर त्याच्याकडून काय काय करून घेता येते हे पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे. सांडव्याची कड किती उंच केली तर घरांत पाणी न शिरता नदीत कमी जाईल, मोठ्या वाहिनीतली रिकामी जागा पावसात कशी वापरता येईल, पंप वेळेआधी सुरू करून वाहिनी मोकळी ठेवता येईल का, कोणत्या वस्तीतले छपरांचे पाणी वेगळे काढले तर खालचा सांडवा शांत होईल, हे प्रश्न एकेक करून मॉडेलला विचारायचे. काही उत्तरे अनपेक्षित असतील. वर कड उचलली की खालच्या दुसऱ्याच सांडव्यातून पाणी सुटते, असे बऱ्याचदा होते. पाणी नाहीसे होत नाही, जागा बदलते, आणि ती नवी जागा कोणाच्या घराजवळ आहे हे पाहणे अभियंत्याचेच काम आहे.

मोठ्या महापालिकांकडे सल्लागार असतात. हे पुस्तक मला त्याहून जास्त त्या नगरपालिकांच्या हाती पडावेसे वाटते, जिथे एकच कनिष्ठ अभियंता पाणी, गटार आणि रस्ते तिन्ही पाहतो. त्याला सगळ्या गावाचे मॉडेल एकदम करण्याची गरज नाही. जिथून दरवर्षी तक्रार येते अशी एक वाहिनी घ्यावी. नगरपालिकेच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक ठेवावे, त्या वाहिनीच्या वरच्या आणि खालच्या चेंबरवर एकेक पातळीमापक लावावे, आणि जून ते सप्टेंबर नोंदी ठेवाव्यात. सोबत पाणी सोडण्याच्या वेळा, पंप बंद पडल्याच्या वेळा आणि नागरिकांच्या तक्रारींच्या तारखा लिहून ठेवाव्यात. ऑक्टोबरमध्ये या सगळ्या नोंदी एका कागदावर शेजारी-शेजारी मांडाव्यात आणि मग पुस्तकाचे तिसरे प्रकरण उघडावे.